येळवशीची खीर आणि चार पुड्या

येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी आमची वेळ अमावस्या, जवळ आली की आमच्या घरात किराण्याची यादी हा सार्वजनिक कार्यक्रम होतो. आम्ही उदगीरचे. एका अंगाला बिदर, दुसऱ्या अंगाला तेलंगण, आणि निजाम जाऊन इतकी वर्षं झाली तरी उर्दू काही जिभेवरून उतरायला तयार नाही. त्यामुळं गव्हाच्या खिरीसाठी आजीला वेलदोडे लागतात, आईला इलायची, बिदरकडच्या काकूला यालक्की आणि तेलंगणातल्या बोधनहून आलेल्या वहिनीला यालकुलु. चौघींनी दुकानदाराला वेगवेगळा फोन केला. आणायला मी.

काउंटरवर चार पुड्यांची तयारी.

"शेठ, हे सगळं एकच की ओ!"

"माल एकच हाय, पण मागणारे चार हायत ना?"

काटा २४.८ ग्रॅमवर थांबला. शेठनी एक बोंड टाकलं, काटा २५ च्या वर गेला. ते काढून त्याहून बारकं शोधलं. सोनारही एवढा जीव टाकत नसेल. बरोबरच आहे म्हणा, २०१९ मध्ये केरळातल्या लिलावात ही किलोला ७,००० रुपयांपर्यंत गेली होती. इडुक्कीच्या डोंगरात झाडांच्या सावलीत वाढते, बोंडं हातानंच तोडावी लागतात, आणि तीही एकदम तयार होत नाहीत. ग्वाटेमालात तर ढिगानं पिकते, पण तिथं फारसं कुणी खात नाही. बरीचशी जाते अरबांच्या कॉफीत. (आजीच्या सितोपलादी चूर्णातली एला ती हीच, पण हे आजीला सांगायची सोय नाही. औषध वेगळं, वेलदोडे वेगळे.)

"तीन पुड्या परत घ्या."

"वासाचा माल परत नाही, मालक."

घरी प्रत्येकीनं आपली पुडी ताब्यात घेतली. खलबत्त्यात साखर टाकून कुटली, सालं चहाच्या डब्यात. आणि रात्री पातेलं चुलीवर असताना, दुसरीनं घातली नसेल या पक्क्या खात्रीनं, एकेक जण गुपचूप येऊन पूड टाकून गेली. मी तिथंच जाळ घालत बसलो होतो. घरातल्या बायकांच्या मधे बोलू नये, एवढी अक्कल मला आहे.

दुसऱ्या दिवशी शेतात, कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली. काकांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "खिरीत इलायची हाय का इलायचीत खीर?"

आजीनं मात्र दोनदा चव घेतली, थोडा विचार केला, आणि सुनांकडं बघून म्हणाली, "कामून गं, वेलदोडे घालायचे राह्यले का काय?"