एवढंच तर बदलायचंय की ओ!

सोलापूरच्या उद्योजक बंधूंनो, टॉवेल-चादरी देशोदेशी धाडून झाल्या, आता कारखान्याचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायची हौस आली असेल, तर गावातलाच एखादा प्रोग्रामर धरा. पुण्याचा महाग पडतो. आपला स्वस्त असतो, कारण ज्याला काही येतं तो हुतात्मा एक्सप्रेस धरून केव्हाच गेलेला असतो, हे त्याच्या मामापासून स्थळ घेऊन येणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं आहे. तुम्ही फक्त त्याचा फायदा घ्यायचा.

पहिल्या भेटीत काय हवंय ते सांगू नका. चहा पाजा. तो वहीत काही टिपायला लागला तर "आपल्यात लिहापढी कशाला बे?" म्हणा. 'आपल्यात' हा शब्द जपून ठेवा, बिलाच्या दिवशी लागतो. 18 टक्के जीएसटी? आपल्यात?

प्रिंटर बिघडला की त्यालाच बोलवा.

फोन नळाला पाणी यायच्या दिवशी करा, हमखास घरी सापडतो.

पैसे मागितले तर सण सांगा, साल सांगू नका. संक्रांतीचा गड्डा, म्हणजे आपली जत्रा, होऊ दे. मग मार्चएंड होऊ दे. मग लग्नसराई, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतर गड्डा काय लांब असतो?

आता मुख्य विद्या, छोटा बदल. हा नेहमी काम संपल्यावर सांगावा. माझ्या एका मालकांनी (नाव कशाला, अक्कलकोट रोडला कारखान्यांना काय तोटा) ही विद्या पार सिद्ध केली आहे. त्यांना मजुरीच्या बटवड्याचा प्रोग्राम हवा होता. विणले किती डझन, गुणिले दर, वजा उचल, छाप चिठ्ठी. 60 हजारांत ठरलं, 35 मिळाले. प्रोग्राम सुरू झाला आणि तिसऱ्या शनिवारी फोन, "दर वाढवलाय, एवढंच बदल की." बदलला. सोमवारी त्यांना मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या पुन्हा छापून हव्या होत्या, आणि त्या जुन्याच दराने. म्हणजे दर नुसता बदलून चालत नाही, जुना जपून प्रत्येक दराला 'कधीपासून' ही तारीख लावावी लागते. लावली. मग कळलं, नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागाला दर वेगळा. मग कळलं, रात्रपाळीला एक माग दोघांत असतो, डझन वाटून द्यायचे. मग कळलं, उचल सगळ्यांची सारखी कापायची नाही, कामगाराचं तोंड बघून कापायची. तोंड बघून! त्या कॉलमला नाव काय देऊ? आणि दर वेळी वर, "एवढंच तर बदलायचंय की ओ, बसल्या जागी."

निम्मा टॉवेल विणून झाल्यावर तुमच्याच कामगाराला सांगून बघा, नक्षी बदल, एवढंच तर आहे. तो काय बोलेल ते इथे छापता येणार नाही. जकार्डचा माग 1804 सालचा. नक्षी ठरायची ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. पुढे यंत्राला हिशेबाच्या सूचना द्यायची वेळ आली तेव्हा इंग्लंडातल्या बॅबेज नावाच्या गणितज्ञाने हेच पुठ्ठे घ्यायचं योजलं. म्हणजे मालक, आमचा धंदा तुमच्या धंद्यातून निघालाय. एक भोक चुकलं तर अख्खी चादर वाया, हे तुम्हाला बापजाद्यांपासून ठाऊक. माझी वेळ आली की तेवढं विसरता.

शेवटची युक्ती ताजी आहे, गेल्या शनिवारची. पुतण्याला बसवा. मी उरलेले पैसे मागायला गेलो, तर पुतण्याने लॅपटॉप फिरवला. "काका, एआयला सांगितलं, पाच मिनिटांत झालं." स्क्रीन सुंदर होती, खोटं कशाला बोलू. एआय मीही रोज वापरतो. मी उचलीच्या रकान्यात 0.1 आणि 0.2 टाकून बेरीज बघितली. 0.30000000000000004. कॉम्प्युटर आतून 0 आणि 1 या दोनच अंकांत मोजतो, 0.1 त्यात नेमका बसत नाही, म्हणून मजुरीसारखा हिशेब रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकात ठेवतात. हे त्याला विचारायचं सुचलं असतं तर एआयनेही सांगितलं असतं. पुतण्या म्हणाला, "गोल करून टाकू." काका खूश.

कुणाच्या चिठ्ठीतून गोल करणार ओ? रात्रपाळी करून पैसा न् पैसा मोजून घेणाऱ्या माणसाच्या?

आणि पाच मिनिटांचं काम होतं तर पाच महिने मला कशाला पळवलंत? त्याच शनिवारी तुमच्या प्रिंटरमधून चिठ्ठ्या निघत होत्या त्या माझ्या प्रोग्रामच्या, मी शेजारीच उभा होतो. फिटर येतो, नट आवळतो, रोख घेऊन जातो. त्याला म्हणता का कधी, गड्डा होऊ दे? नाही म्हणत, कारण उद्या माग बंद पडला तर तो येणार नाही. माझं काम बंद पडत नाही, म्हणून माझे पैसे बुडवायचे. लाज वाटत नाही, वर चहा पाजता.

25 हजार राहिलेत, मालक. आणि प्रिंटर पुन्हा अडकला तर आता पुतण्याला बोलवा.