खुलासा: जोशुआ ट्री हा निवडुंग नाही

‘जोशुआ ट्री हा हजारो वर्षं जगणारा निवडुंग असून तो फक्त कॅलिफोर्नियातल्या त्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानात उरला आहे’ असा मजकूर छायाचित्रासह फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हा निवडुंग नव्हे, युका आहे. आपल्याकडे बांधावर लावतात त्या घायपाताच्या कुळातला. मोहावी वाळवंटात तो कॅलिफोर्नियाखेरीज नेवाडा, युटा आणि ॲरिझोनातही वाढतो. खोडात वार्षिक वलयं नसतात, म्हणून वयाचा अंदाज उंचीवरून बांधतात. बहुतेक झाडं दीडशे वर्षांच्या आसपास जगतात.

खरी काळजीची गोष्ट मात्र या मजकुरात आलेलीच नाही. या झाडाचं परागीभवन केवळ युका पतंग करतात. मादी तोंडाजवळच्या खास अवयवांनी पराग गोळा करते, फुलात अंडी घालते आणि तिथेच पराग चोळते. अळ्या काही बिया खातात, बाकीच्या उरतात. पतंग नसेल तर बीच धरत नाही. त्यात ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिमा डोम या भागातल्या वणव्यात अंदाजे १३ लाख झाडं गेली. कॅलिफोर्नियात २०२३ च्या कायद्याने ‘वेस्टर्न जोशुआ ट्री’ या प्रकाराची झाडं विनापरवाना तोडायला बंदी आहे.