हात उचलण्याआधी पाय काय करतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अर्धांगवायूनंतर पाठीला बसायला शिकवण्याबद्दलच्या 'पाठ आधी, हात नंतर' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता ते धरून धरून चालतात, पण हात चालत नाही. तुम्ही लिहिलंय, "हात गेलाय तर हाताचा व्यायाम द्या. महिनाभर नुसतं बसायला शिकवलं, तेवढ्यात हाताची वेळ निघून गेली. मेंदू हुकूम सोडतो, स्नायू ऐकतो, यात पाठीचा संबंध येतोच कुठे?" शिवाय मी एकाच हाताला कधी लुळा, कधी कडक म्हणते, आणि जांभईबरोबर लुळा हात वर जातो असं लिहून खोटी आशा लावते, अशीही तुमची तक्रार आहे.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. शीर्षक चुकलं. 'आधी' आणि 'नंतर' असं काही नसतं, दोन्ही बरोबरीनं चालायला हवं. शीर्षक वाचून कुणी हाताकडे दुर्लक्ष केलं असेल तर तो दोष माझ्या शब्दांचा आहे, आणि ते मी आजच बदलते आहे. तुमच्या वडिलांच्या हाताला महिनाभर कुणी काहीच काम दिलं नसेल, तर तुमचा राग रास्त आहे.

पण पाठीचा संबंध नाही, हे मला मान्य नाही. वादापेक्षा आज घरी एक गोष्ट करून बघा. वडिलांना नको, तुम्ही स्वतः करा. डावं कोपर काटकोनात वाकवा, तळहात वर करा आणि त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा. डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता तो उचलायला सांगा. ओझं गेल्याबरोबर तुमचा हात वर उडेल. आता पुन्हा तांब्या ठेवा आणि या वेळी स्वतःच्याच उजव्या हातानं उचला. डावा हात जवळजवळ जागचा हलणार नाही. उजव्या हाताला 'उचल' हा निरोप गेला, त्याच वेळी डाव्या दंडाला 'सैल हो' हाही गेला. तो दुसरा निरोप तुम्ही जाणूनबुजून दिलेला नाही.

उभं राहून हात झटकन पुढे उचलतानाही असंच होतं. मॉस्कोच्या बेलेन्की, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव्ह या संशोधकांनी १९६७ मध्ये हे स्नायूंच्या विद्युत नोंदींवरून दाखवलं. खांद्याचा स्नायू जागा होण्याच्या किंचित आधी मांडीच्या मागचा स्नायू आवळतो. हाताचं वजन पुढे गेलं की शरीर पुढे कलणार, म्हणून पाय आधीच तयारी करून ठेवतो. हात उचलणं ही एकट्या हाताची हालचाल नाहीच.

हे निरोप मज्जारज्जूत उतरतात ते एकाच वाटेनं नाही. एक वाट मेंदूच्या पृष्ठभागापासून निघते. दर बाजूला सुमारे दहा लाख तंतू, इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्ट्यातून दाटीवाटीनं खाली येतात, आणि मानेच्या जरा वर त्यांतले बहुतेक बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतल्या झटक्यानं उजवा हात जातो. सुई ओवणं, शर्टाचं बटण लावणं, बोटं सुटी सुटी हलवणं हे या वाटेचं काम. दुसऱ्या वाटा ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून निघतात. त्यांतली एक कानातल्या तोलाच्या इंद्रियाची खबर घेऊन पाय ताठ ठेवणाऱ्या स्नायूंकडे जाते. आणखी एक देठातल्या चेतापेशींच्या जाळ्यातून निघून मान, पाठ, खांदा आणि कंबर सांभाळते. मेंदूच्या पृष्ठभागाकडून या जाळ्यालाही निरोप येतात, आणि तेही त्याच अरुंद पट्ट्यातून. म्हणून तिथे रक्तस्राव झाला किंवा गुठळी अडकली की फक्त हात जात नाही, धडाचा कारभारही बिघडतो. पाठ मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या आधारावर चालते, त्यामुळे तो बिघाड हातासारखा डोळ्यांत भरत नाही, इतकंच.

या वाटांचं काम वेगळं कसं, हे लॉरेन्स आणि काइपर्स या संशोधकांनी १९६८ मध्ये माकडांवर तपासलं. त्यांनी पहिली वाट दोन्ही बाजूंनी तोडली. माकडं लवकरच उठून बसली, काही आठवड्यांत धावायला आणि जाळीवर चढायला लागली. पण बारीक खळग्यातला खाऊ एका बोटानं टोकरून काढणं त्यांना पुन्हा जमलं नाही. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खाऊ मुठीत आला की मूठ सोडायला त्यांना त्रास व्हायचा, पण चढताना तीच मूठ जाळीवरून सहज सुटायची. हात तोच, स्नायू तेच. चढणं हे सगळ्या शरीराचं काम होतं, त्याची वाट शाबूत होती. पुढच्या प्रयोगात काही माकडांच्या धडाकडे जाणाऱ्या वाटाही तोडल्या. ती बसू शकत नव्हती, कोसळायची. त्यांना खुर्चीला बांधून बसवलं, तेव्हा मात्र हातानं खाऊ उचलून तोंडाशी नेता आला. माणूस पहिल्या वाटेवर माकडापेक्षा जास्त अवलंबून असतो, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा आपल्याला लागू होत नाही. पण धड धरून ठेवलं की उरलेला हात कामाला येतो, हे मी माझ्या पेशंटमध्ये आठवड्यातून चार वेळा तरी बघते.

आता लुळा की कडक. दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. झटक्यानंतरचे पहिले काही दिवस हात बहुधा लोंबतो. मग काही आठवड्यांत कोपर वाकायला आणि मूठ मिटायला लागते. देठातल्या जाळ्याचा एक भाग स्नायूंना ताणतो आणि दुसरा आवरतो. आवरणाऱ्या भागाला वरून सतत चालना लागते. ती तुटली की ताणणारा भाग मोकाट सुटतो. मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया तापट होते, स्नायू जरा ओढला तरी आवळतो. शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांत मेंदूचा वरचा भाग देठापासून तोडला, तेव्हा पाय खांबासारखे ताठ झाले. आणि पायाकडून मज्जारज्जूत जाणाऱ्या संवेदनेच्या नसा कापल्यावर तो ताठपणा उतरला. म्हणून जोर नसणं आणि आवळलेलं असणं एकाच हातात नांदू शकतं. घरचे म्हणतात, "मूठ इतकी घट्ट आहे, म्हणजे ताकद आली." ती ताकद नाही.

यामुळेच तुम्ही लिहिलेला स्मायली बॉल, म्हणजे मुठीत दाबायचा मऊ चेंडू, मला काळजीत टाकतो. आधीच मिटलेल्या मुठीला दिवसभर आणखी मिटवून काय साधणार? अवघड आहे ते मूठ उघडणं. पेला धरण्यापेक्षा पेला सोडण्याचा सराव द्या.

जांभईचं लिहिलं ते खरं आहे. फ्रान्समध्ये २००५ साली या प्रकाराला पॅराकायनेशिया ब्रेकियालिस ऑसिटान्स असं नावही दिलं गेलं. जांभईचा निरोप देठातून निघतो, तुटलेल्या वाटेनं येत नाही, म्हणून हात उचलला जातो. खालची यंत्रणा जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं. हात परत येईलच, असं मी म्हटलं नव्हतं आणि आजही म्हणणार नाही. मात्र चार महिन्यांत वेळ निघून गेली, हेही खरं नाही.

आता वडिलांसाठी. कडक पलंगाच्या कडेवर बसवा, मऊ गादीवर नको. उजवा तळहात शेजारी टेकवून ठेवा, बोटं उघडी. डाव्या हातानं थोडं दूर ठेवलेलं काहीतरी उचलायला सांगा, आधी समोरचं, मग उजव्या बाजूचं. शरीर उजवीकडे झुकलं की त्या हातावर भार येतो आणि पाठीबरोबर हातही कामाला लागतो. तुम्ही उजव्या बाजूला बसा आणि काही झालं तरी तो हात धरून त्यांना ओढू नका, खांदा निखळू शकतो. हे तुमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना दाखवून मगच सुरू करा.

आणि मला दोन गोष्टी कळवा. त्यांना बसवल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकतात का, की पलंग उंच आहे? आणि उजवीकडे झुकताना ते श्वास रोखून धरतात का?