कोव्हिशील्ड घेतली होती, आता डी-डायमर ही गुठळ्यांची रक्तचाचणी करायची का?

"कंपनीने कोर्टात कबूल केलं! कोव्हिशील्ड घेतलेल्या प्रत्येकाच्या रक्तात गुठळ्या होतायत. तरुणांचे हार्ट अटॅक त्यामुळेच. लगेच डी-डायमर करा, रक्त पातळ करायची गोळी सुरू करा." २०२४च्या उन्हाळ्यापासून हा मेसेज फिरतोय.

पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं, म्हणून तर बाकीचं खपतं. लशीमुळे अत्यंत क्वचित टीटीएस (रक्तात गुठळ्या आणि त्याचबरोबर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होणं) होऊ शकतो, असं कोव्हिशील्डची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधल्या खटल्यात लिहून दिलं. पण यात नवं काही नव्हतं. युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ लाच हा दुष्परिणाम जाहीर केला होता.

'प्रत्येकाच्या रक्तात' मात्र साफ खोटं. टीटीएसमध्ये शरीर स्वतःच्याच 'प्लेटलेट फॅक्टर ४' या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. या अँटीबॉडी प्लेटलेटना चेतवतात; गुठळ्या होतात आणि त्यात प्लेटलेट खर्ची पडून कमी होतात. गुठळ्या होत असताना प्लेटलेट घटलेल्या, हीच याची खूण. हे बहुधा लशीनंतर ५ ते ३० दिवसांत घडतं. २०२१ची लस आज अचानक असं करत नाही.

प्रमाण? आरोग्य मंत्रालयाने मे २०२१मध्ये भारतात १० लाख डोसमागे ०.६१ घटना सांगितल्या. ब्रिटनमध्ये ४, जर्मनीत १०. आपला आकडा मला जरा जास्तच गोंडस वाटतो. ऐन दुसऱ्या लाटेत तालुक्याच्या रुग्णालयात या अँटीबॉडी कोण तपासत होतं? पण तो दसपट धरला, तरी 'प्रत्येक' होत नाही.

हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट. टीटीएसच्या गुठळ्या मुख्यतः मेंदूच्या आणि पोटातल्या शिरांमध्ये होतात. आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, त्यात लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागणं, घरात असा मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणं, ही कारणं दिसली.

डी-डायमर ताप, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय यानेही वाढतं. त्रास नसताना करून हाती लागते ती काळजी. आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने घेणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

मात्र 'सगळी अफवा' म्हणून हात झटकणाऱ्यांचंही मला पटत नाही. टीटीएसने माणसं गेली आहेत. ब्रिटनमध्ये लशीमुळे गंभीर इजा झाल्याचं मान्य झालं, तर सरकार १,२०,००० पौंड देतं. आपल्या केंद्र सरकारने २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की भरपाईची जबाबदारी आमची नाही. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.