क्लॉग घातलेले भूत

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या प्लेझर बीच या करमणूक उद्यानात चित्रित झालेला 'मोस्ट हॉन्टेड'चा भाग मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. पहिल्या रात्री अर्ध्यातच डोळा लागला, म्हणून उरलेला भाग दुसऱ्या रात्री पाहावा लागला. भुतांच्या कार्यक्रमाला याहून वाईट प्रशस्तिपत्र मिळणे कठीण आहे. २००५ साली मी लँकेशायरमधल्या प्रेस्टन शहरात एका वृद्ध बाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. तेव्हा हीच मालिका आम्ही दोघे त्यांच्या बैठकीच्या खोलीत दिवे मालवून पाहत असू आणि नंतर जिना चढून माझ्या खोलीत जाताना मी मागे वळून पाहत असे, हे कबूल करायला आता हरकत नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मे २००२ मध्ये ब्रिटनच्या 'लिव्हिंग' वाहिनीवर ती सुरू झाली. सूत्रसंचालिका इव्हेट फील्डिंग आणि त्यांचे पती कार्ल बीटी ही तिची निर्माती जोडी. एखाद्या जुन्या वाड्यात, तुरुंगात किंवा खानावळीत रात्रभर मुक्काम ठोकायचा, दिवे बंद करायचे, हिरवट दिसणाऱ्या कॅमेऱ्यासमोर 'कुणी असाल तर टकटक करा' अशी विनंती करायची, काहीतरी वाजले की सगळ्यांनी एकदम किंचाळायचे आणि नेमक्या त्याच क्षणी जाहिराती लागायच्या, असा तिचा साचा होता. सुरुवातीची काही वर्षे डेरेक अकोरा हे गृहस्थ त्यात मृतात्म्यांशी संवाद साधत, अधूनमधून त्यांच्या अंगातही येई. मग २००५ साली मालिकेतलेच परामानसशास्त्रज्ञ कियारन ओकीफ यांनी वर्तमानपत्राला सांगितले की आपण मुद्दाम रचलेली खोटी नावे डेरेक यांच्या कानावर जातील अशी व्यवस्था केली होती आणि चित्रीकरणात नेमक्या त्याच नावांचे आत्मे प्रकट झाले. त्यातले एक नाव होते 'क्रीड काफर'. त्याची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली की 'डेरेक फेकर', म्हणजे 'भोंदू डेरेक', होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑफकॉम या नियामक संस्थेने निकाल दिला की हा कार्यक्रम म्हणजे मनोरंजन आहे, त्याला खराखुरा शोध मानता येणार नाही.

तेव्हा हे सगळे खोटे होते की काय, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे आणि त्यावर मी आज पोस्ट लिहिली नसती. माझी तक्रार निराळी आहे. भूत शोधायला निघालेल्या माणसांना भुताविषयी इतके कमी कुतूहल कसे असू शकते, हे मला पुन्हा पाहताना उमगेना.

जागेपासून सुरुवात करू. प्लेझर बीच हे १८९६ साली स्थापन झालेले समुद्रकाठचे करमणूक उद्यान आहे. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम याने रचलेला १९०४ सालचा उडता पाळणा तिथे अजून फिरतो. 'बिग डिपर' हा १९२३ सालचा आणि 'ग्रँड नॅशनल' हा १९३५ सालचा, असे दोन लाकडी रोलर कोस्टर अजून धावतात. आणि भुतांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९३० साली तिथे सुरू झालेली 'घोस्ट ट्रेन'. त्या काळी गाजलेल्या एका नाटकावरून हे नाव घेतले गेले आणि पुढे जगभरच्या जत्रांमध्ये अंधारातून जाणाऱ्या भीतिदायक गाड्यांना तेच नाव चिकटले. म्हणजे भीती विकत देण्याचा धंदा इथे मालिकेच्या सत्तर वर्षे आधीपासून चालू आहे, आणि माझ्या मते तो अधिक प्रामाणिकपणे चालू आहे. तिकीट काढा, दार उघडेल, सांगाडा अंगावर येईल, तुम्ही ओरडाल आणि पलीकडच्या दाराने उजेडात याल. हा सांगाडा खरा आहे असे तिथे कुणीही म्हणत नाही.

माझा व्यवसाय यंत्रांच्या देखभालीचा असल्याने अशा जागी रात्री काय काय वाजत असेल, याची यादी मी पाहता पाहता मनाशी करू लागलो. दिवसभर तापलेले लोखंडी रूळ रात्री आकसतात तेव्हा टणत्कार होतो. हजारो लाकडी तुळया, त्यांचे बोल्ट आणि आयरिश समुद्रावरून येणारा वारा एकत्र आले की कुणीतरी माडीवर चालत आहे असे वाटण्यासाठी मेलेल्या माणसाची गरज उरत नाही. शिवाय पंखे, पंप, कॉम्प्रेसर. या संदर्भात विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याची हकीकत मला फार आवडते. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत रात्री एकटे काम करताना त्याला घाम फुटायचा, कुणीतरी पाहत आहे असे वाटायचे आणि एकदा तर डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. मान वळवताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीचे पाते दुरुस्त करण्यासाठी त्याने ते शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळले, तर पाते आपोआप थरथरू लागले. शोध घेता घेता तो हवा बाहेर फेकणाऱ्या नव्या पंख्यापर्यंत पोहोचला. पंखा साधारण १९ हर्ट्झचा आवाज निर्माण करत होता, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या किंचित खाली; पंख्याची बसवणी बदलताच पाते आणि भूत दोन्ही शांत झाले. टँडीचा तो निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला, मालिकेच्या चार वर्षे आधी. तरी आज रात्री इथले कोणते पंखे चालू आहेत, असे मी पाहिलेल्या भागांत कुणी पहारेकऱ्याला विचारल्याचे मला आठवत नाही.

पण यंत्रांचेही एक वेळ सोडून देऊ. घोस्ट ट्रेनमध्ये जे भूत आहे असे सांगतात, त्याचे नाव 'क्लॉगी'. तो म्हणे त्याच गाडीवर वर्षानुवर्षे काम करणारा माणूस होता, पायांत क्लॉग, म्हणजे लाकडी तळाचे जोडे, घालायचा, आणि मेल्यावरही गाडीच्या आत त्याच्या पावलांचा आवाज येतो. या माणसाचे खरे नाव काय, त्याला आठवड्याला पगार किती मिळायचा, तो आला कुठून, हे काही दंतकथेत उरलेले नाही. उरले आहे ते पादत्राण. आणि लँकेशायरमध्ये ज्याच्या पायांत क्लॉग, तो माणूस कोणत्या वर्गातला हे सांगावे लागत नसे.

मला ते प्रेस्टनच्या घरमालकीण बाईंनी दाखवले. एका रात्री जाहिराती लागल्या तेव्हा त्या उठल्या, जिन्याखालच्या कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जोडी काढली आणि माझ्या हातात दिली. त्यांच्या आईचे क्लॉग. आईने कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. वर काळे कडक चामडे, खाली जाड लाकडी तळ आणि तळाला घोड्याच्या नालासारख्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. त्यातली डाव्या पायाची पट्टी बाहेरच्या कडेने पार झिजलेली. सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवा दमट ठेवत आणि जमीन ओली असे, तिथे चामड्याचा तळ कुजला असता, लाकूड टिकायचे. बाईंनी एक क्लॉग हातात घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर दोनदा आपटला. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. पहाटे पाचला शेकडो बायका दगडी रस्त्यावरून असा आवाज करत गिरणीकडे निघत, गजराची गरज पडत नसे, असे त्या म्हणाल्या. साच्यांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नसे म्हणून त्यांची आई ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायची आणि घरीही तोंड मोठे वाकडेतिकडे करून बोलायची.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले नसते तरच नवल. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि आयुष्यभर घरात ओरडून बोलत; शेजाऱ्यांना वाटे आमच्याकडे रोज भांडण आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे होती, म्हणजे प्रेस्टनहून तासाभराच्या अंतरावर घडलेले लोखंड. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परतीची वाट मिळालीच नाही. आपल्याकडेही समुद्रकाठी एक झपाटलेली जागा सांगतात, ती गिरणीच आहे: कुलाब्याची मुकेश मिल, त्याच १९८२ साली आगीनंतर बंद पडलेली. तिथे चित्रीकरणे होतात, तिथल्या भुतांचे किस्से नटनट्या मुलाखतींतून सांगतात. त्या किश्शांत पाळी नसते, भोंगा नसतो, बदली कामगार नसतो. नुसती भिंत आणि सावली.

ब्लॅकपूल उभे राहिले तेच मुळी गिरणी कामगारांच्या पैशांवर. उन्हाळ्यात प्रत्येक गावच्या गिरण्या ठरलेल्या एका आठवड्यासाठी बंद होत, बॉयलरची दुरुस्ती चाले आणि अख्खे गाव आगगाडीत बसून समुद्रावर जाई. त्याला 'वेक्स वीक' म्हणत. ही सुट्टी बिनपगारी असे; भरपगारी रजेचा कायदा १९३८ साली आला. त्यासाठी वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकावे लागत. घोस्ट ट्रेनचे पहिले प्रवासी हे लोक होते, आणि त्यांना घाबरवण्यासाठी दांडा ओढणारा माणूस त्यांच्याचसारखा.

क्लॉगीची गोष्ट मी त्या रात्री बाईंना सांगितली. मला वाटले होते की तो सुट्टीवर आलेला एखादा विणकर असेल, तिथेच मेला असेल, अशी काहीतरी करुण कल्पना मी रंगवून सांगत होतो. त्यांनी क्लॉग पुन्हा कागदात गुंडाळले आणि मान हलवली. "सुट्टीत ब्लॅकपूलला क्लॉग घालून कोण जाईल? आम्ही शनिवारी रात्रीच बूट पॉलिश करून ठेवायचो," त्या म्हणाल्या. "तो कामावर असणार." मग जाहिराती संपल्या आणि इव्हेट फील्डिंग पुन्हा किंचाळू लागल्या.