वीतभर हाड आणि गाळलेला ‘कदाचित’

लेक आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने कार्डशीटवर बर्फाची लादी आणि त्यावर बसलेलं ध्रुवीय अस्वल काढलं होतं. खाली ओळ होती, ‘धोक्यात असलेली प्रजाती’. परवा बघते तर ती ओळ खोडलेली. खोडरबर इतकं घासलेलं की कागदाला भोक पडायचं तेवढं बाकी. विचारलं तर म्हणाली, “मामाआजोबांनी पाठवलंय. तसं काही नसतं म्हणे.”

माझे मामा नौपाड्यात राहतात आणि सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुप जागा करतात. त्यांचा हा फॉरवर्ड मी आधीही दोनदा पाहिला होता. एकदा आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा ऑफिसच्या. दोन्ही वेळा गप्प बसले. आता गोष्ट पोरीच्या कार्डशीटपर्यंत आली.

मेसेजचं नाव ‘शास्त्रज्ञांनी लपवलेलं सत्य’. आत म्हटलंय की ध्रुवीय अस्वलाचं सव्वा लाख वर्षांपूर्वीचं हाड सापडलंय. तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा गरम होती, तरी अस्वल जगलं. १९६० साली ५,००० अस्वलं होती, आज पाचपट आहेत. उपाशी अस्वलाचा तो गाजलेला व्हिडिओ खोटा. बर्फ गेलाच तर अस्वल जमिनीवर बोरं-अंडी खाऊन राहील. शेवटी तीन वेळा ‘विचार करा!’

केला विचार.

आधी ते ‘लपवलेलं’. हाड २००४ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर पूलेपिंटेन इथे सापडलं. खालच्या जबड्याचा डावा भाग, लांबी जेमतेम वीतभर, वय १,१०,००० ते १,३०,००० वर्षं. २००७ मध्ये बीबीसीने त्याची बातमी केली. याला लपवणं म्हणत असतील तर मामांचं शेअर्सचं खातंही लपवलेलंच म्हणायचं.

आणि हो, एक गोष्ट मामांच्या बाजूची आहे, ती सांगून टाकते. हाडाचा अभ्यास करणारे आइसलँडचे भूवैज्ञानिक ओलाफुर इंगोल्फसन तेव्हा खरंच म्हणाले होते की ध्रुवीय अस्वलाची कदाचित इतकी चिंता करायला नको. फॉरवर्डने त्यातला ‘कदाचित’ तेवढा गाळला.

तेव्हाचा आर्क्टिकचा उन्हाळा आजच्यापेक्षा काही अंशांनी गरम होता, हेही खरं. पण या हाडाची गोष्ट २००७ मध्ये संपली नाही. २०१० साली शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी त्यातला डीएनए वाचला आणि हाडाची रासायनिक तपासणीही केली. प्राणी काय खातो त्याची खूण हाडात उरते. या हाडात निघालं समुद्रातलं खाणं, म्हणजे आजच्या ध्रुवीय अस्वलासारखंच. ते अस्वल बर्फाविना तगलं असं हाड म्हणतच नाही. उलट, तेव्हाही त्याचं पोट समुद्रातल्या शिकारीवरच भरत होतं, आणि ती शिकार ध्रुवीय अस्वल समुद्री बर्फावरून करतं. जग गरम असताना स्वालबार्डच्या आसपास बर्फ टिकून राहिला असावा आणि तिथे आसरा मिळाला असावा, असा त्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे ज्या हाडाची साक्ष काढली, तेच उलटलं.

शिवाय एका हाडावरून एक अस्वल होतं एवढं कळतं. किती होती, किती मेली, ते नाही कळत. २००५ च्या पुरात, २६ जुलैला, मामा स्वतः दादरहून ठाण्यापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत आले. दर पावसाळ्यात आम्ही ते ऐकतो. ते पोचले, म्हणून त्या दिवशी कुणाचंच काही झालं नाही, असं म्हणायचं का?

तेव्हाची ती ऊब पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलांमुळे हजारो वर्षांत आली. आताचा आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतोय. एवढ्या वर्षांत अस्वलाच्या चार पिढ्या होतात. आणि त्या ‘गरम पण मजेत’ काळात समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता, हे फॉरवर्डमध्ये नाही. भरतीचं पाणी सांभाळायला सिडकोला नवी मुंबईत होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी साठवायची तळी, बांधावे लागले, ते आजच्या समुद्रासाठी. ६ मीटरचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या मजल्यावरून करावा.

आता बोरं-अंडी. हे वाचून मी खरंच हसले. कॅनडात पश्चिम हडसन उपसागराकाठी उन्हाळ्यात जमिनीवर अडकलेल्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून तीनेक आठवडे पाहिलं गेलं. तो अभ्यास २०२४ मध्ये आला. काही अस्वलं नुसती लोळत पडली, काही बोरं, गवत, पक्षी, मिळेल ते खात हिंडली. २० पैकी १९ जणांचं वजन घटलं, काहींचं दिवसाला दीड किलोच्या वर. बोरांतून मिळालं ते शोधण्यातच गेलं. सीलच्या चरबीवर वाढलेल्या चार-पाचशे किलोच्या जनावराला बोरं खाऊन राहा म्हणणं म्हणजे मामांना वर्षभर साबुदाण्याच्या खिचडीवर ठेवणं. एकादशीपुरतं ठीक आहे.

व्हिडिओ खोटा नव्हता. अस्वल खरंच उपाशी होतं. पण ‘हवामान बदल असा दिसतो’ ही त्यावरची ओळ अति झाली, असं तो व्हिडिओ दाखवणाऱ्या नॅशनल जिऑग्राफिकने पुढे २०१८ मध्ये स्वतःच कबूल केलं. इथे मामांना अर्धा गुण.

५,००० चा आकडा अंदाजपंचे. तेव्हा आर्क्टिकभर फिरून कुणी डोकी मोजली नव्हती. आज सुमारे २६,००० आहेत. काही ठिकाणी वाढली असतील तर त्याचं श्रेय १९७३ च्या पाच देशांच्या कराराला आहे, त्याने बेसुमार शिकारीला लगाम लागला. बंदूक थांबली की संख्या सावरते, बर्फ परत येत नाही. त्याच पश्चिम हडसन उपसागरात २०१६ मध्ये ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांचं उत्तर आलं, “अगं, मी फक्त फॉरवर्ड केलं.”

लेकीने मात्र नीट वाचलं आणि मलाच धरलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत हे अस्वल ‘धोक्यात’ नाहीच, त्याच्या एक पायरी खाली ‘असुरक्षित’ आहे. म्हणजे खोडलेली ओळ तशीही चुकीचीच होती. कागद घासून पातळ झालेला, त्यावर पेन फुटायला लागलं. मग तिने वहीतली एक पट्टी कापून ‘असुरक्षित’ लिहिलं आणि फेव्हिकॉलने वर चिकटवली. जरा तिरकी बसलीय.