गोळी बंद करण्याआधी

अण्णाच्या पुतण्याला, वय 16, डिप्रेशनसाठी फ्लुओक्सेटिन सुरू झालं आणि आठवड्याच्या आत घरच्यांनी ते बंदही केलं. काल कट्ट्यावर त्यावरूनच जुंपली.

"अमेरिकेनं या औषधावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावलाय. पोरांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात म्हणून. खोटं आहे का?" अण्णा तावातावानं म्हणाला.

खोटं नाहीच. आमचा मेडिकलवाला दोस्त म्हणाला, "2004 सालचा इशारा आहे तो. 24 चाचण्या, 4400हून जास्त मुलं. औषध घेणाऱ्यांत 100तल्या चौघांत असे विचार किंवा तसं वागणं दिसलं, तुलनेसाठी औषध नसलेली नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत दोघांत."

"म्हणजे दुप्पट!"

"हो. पण त्या चाचण्यांत एकाही मुलानं जीव दिला नाही, हेही वाच की."

मास्तरांचं म्हणणं वेगळं. गोळी हवीच कशाला? मुलांना मैदान नाही, ऐकून घेणारं माणूस नाही, समुपदेशन करा. मला हे अर्धं पटतं. आजार सौम्य असेल तर गोळीनं सुरुवात करू नका, असं ब्रिटनच्या 2019च्या मार्गदर्शनातही आहे. पण मध्यम किंवा तीव्र डिप्रेशनचं काय? अमेरिकेत 12 ते 17 वयाच्या 439 मुलांवर मोठा अभ्यास झाला. 12 आठवड्यांनी फ्लुओक्सेटिनची गोळी आणि सीबीटी (बोलून विचार-वागण्याच्या सवयी बदलायचा उपचार) दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर 61, नुसत्या सीबीटीवर 43, साखरेच्या गोळीवर 35.

"म्हणजे बोलून काही होतच नाही?" मास्तर चिडले.

होतं की. 36 आठवड्यांनी नुसत्या सीबीटीवाल्यांनीही गोळीवाल्यांना गाठलं, दोन्हीकडे 81 टक्के. पण पोरगं जेवत नाही, दार लावून पडून राहतं, हाक मारली की अंगावर येतं, त्या घरानं तोवरचे महिने कसे काढायचे? (या वयात डिप्रेशन उदासीऐवजी चिडचिडीतूनही दिसू शकतं, आणि घरचे म्हणतात, वयात आलाय.)

मी अण्णाला स्पष्टच सांगितलं. तो इशारा गोळी फेकून द्या म्हणून नाही. पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना पोरावर नजर ठेवा. झोप उडाली, जिवाची तगमग वाढली, मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. स्ट्रिप आईच्या ताब्यात. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीतही बोलतात.

मग मेडिकलवाल्यानं विचारलं, "तुमच्या घरात कुणाला कधी उलटा त्रास होता का? झोपच नको, पैसे उधळणं, मोठमोठ्या गोष्टी?"

अण्णा जरा थांबला. "थोरले काका. रात्र-रात्र जागे असायचे. एकदा जमीन विकायला निघाले होते."

"हे डॉक्टरांना सांगितलंय?"

"वहिनी कशाला सांगेल? घरात लग्नाची मुलगी आहे."

इथे मात्र मास्तरांसकट सगळेच त्याच्यावर तुटून पडलो. पोराचा आजार बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी असा उलटा त्रास, असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं पोरगं दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं, उपचारच बदलावा लागतो. अण्णानं तिथूनच भावाला फोन लावला: गोळीचं आपण ठरवायचं नाही, उद्या त्याच डॉक्टरांकडे जायचं, आणि काकांचं सगळं सांगायचं.